रिजेक्शनचं टेबल

फौंड्रीत बिघडलेलं कास्टिंग कुणी उकिरड्यावर टाकत नाही. ते फोडतात आणि पुन्हा भट्टीत घालतात. त्यामुळं पाहणाऱ्याला वाटतं, इथं वाया काहीच जात नाही. पण एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन फर्नेसला साधारण 600 युनिट वीज लागते. खराब माल परत वितळवला की लोखंड तेवढं हाती येतं. वीज, कोअर (साच्यात बसवायचा वाळूचा गाभा), साचा बांधणाऱ्याची मेहनत आणि फेटलिंगवाल्याचे, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्याचे, तास गेले ते गेलेच.

कोल्हापूरच्या फौंड्र्यांवर लिहा, म्हणून संपादकांनी पाठवलं होतं. इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक आहे. उसाला पाणी द्यायला ऑइल इंजिनं लागत, ती उद्यमनगरात बनू लागली. पुढं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा वसाहती वाढल्या. आज इथलं ओतकाम ट्रॅक्टर, मोटारी, पंप, व्हॉल्व्ह अशा सगळ्यांत जातं. मी मात्र शिरोलीतल्या एका मध्यम कारखान्यात, मोल्डिंगच्या शेडमधल्या एका लोखंडी टेबलापाशी अडकलो.

त्या टेबलावर आदल्या दिवशीची बिघडलेली कास्टिंगं मांडलेली असतात. प्रत्येकावर खडूनं तारीख, हीट नंबर (भट्टीच्या त्या घाण्याचा क्रमांक) आणि साचा भरल्याची वेळ. पाळी सुरू होताना मोल्डर, कोअरवाले, भट्टीवाले, सुपरवायझर दहा मिनिटं भोवती उभे राहतात. कास्टिंग हातात घेतात, उलटसुलट करतात, ब्लोहोलमध्ये, म्हणजे वाफेनं पडलेल्या भोकात, खिळा घालून खोली बघतात. याआधी इथं सूचनापेटी होती. तिला कुलूप होतं आणि आत चिठ्ठ्या नव्हत्या.

टेबलापाशी सगळे ज्यांच्याकडं बघतात, त्यांना शेडमध्ये मामा म्हणतात. आयुष्य मोल्डिंगमध्ये गेलेलं. वाळूत बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी मिसळून ती साच्याला तयार होते. पाणी वजनाच्या साधारण 3 ते 4 टक्के. जास्त झालं तर वाफ धरून ब्लोहोल पडतात, कमी पडलं तर साच्याची कड ढासळून वाळूचे कण लोखंडात शिरतात. प्रयोगशाळेत त्याचं यंत्र आहेच. पण मामा आधी मूठभर वाळू घेऊन लाडवासारखी दाबतात, दोन्ही हातांनी मोडतात आणि मोडलेली कड बघतात. माझ्यासमोर एक मूठ मोडली. कड भुरभुरली. "पानी कमी पडलंय हिला," म्हणाले आणि मिक्सरवाल्याला हाक मारली.

एका जॉबमध्ये वाळूचे दोष वारंवार येत होते. कोअरचं रेझिन बदलून पाहिलं, पॅटर्न घासून पाहिला. मामांनी टेबलावरच्या खडूच्या वेळा वाचल्या. बहुतेक खराब नग जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या साच्यांचे होते. सुट्टीत हॉपरमधली गरम वाळू वाळून जायची आणि पाळी परतली की तीच साच्यात भरली जायची. आता सुट्टीनंतरची पहिली वाळू परत मिक्सरला जाते. यंत्र घेतलं नाही, पैसा लागला नाही. जो हात रोज त्या वाळूत असतो, त्याला खडूनं लिहिलेली वेळ वाचायला मिळाली, एवढंच.

काम करणाऱ्यालाच विचारायची ही रीत जगाला नवी नाही. टोयोटानं 1951 साली कामगारांच्या सूचनांची योजना सुरू केली. जपानात 1962 पासून गुणवत्ता मंडळं नोंदली जाऊ लागली आणि आपल्याकडं 1982 साली हैदराबादेत क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाला. टोयोटाच्या लाइनवर कुणालाही काम थांबवायची मुभा असते, आणि थांबवणाऱ्यावर ओरडायचं नसतं.

आपल्याकडं घोडं इथंच अडतं. बऱ्याच ठिकाणी मोल्डिंगचं काम उक्तं असतं, साच्यावर पैसे. वाळू कोरडी आहे म्हणून जो थांबेल, त्याचीच मजुरी बुडते. काही ठिकाणी फळ्यावर दोषाऐवजी माणसाचं नाव लिहितात. मग ब्लोहोल टेबलावर येत नाही, लांबी भरून रंगाखाली जातं आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर उघडं पडतं. शिरोलीच्या या शेडमध्ये बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली मुलं आहेत. ती ठेकेदाराची, म्हणून टेबलाच्या घोळक्याबाहेर उभी. बैठक मराठीत चालते. भट्टीजवळ, सगळ्यात तापलेल्या जागी तीच असतात आणि त्यांना काय दिसलं हे कुणी विचारत नाही. वर प्रत्येकाच्या मनात एक भीती: रिजेक्शन घटलं की माणसंही घटवतील. ती भीती खोटी आहे, असं सांगायची माझी हिंमत नाही.

कारखानदारांना माझं सांगणं आहे. टेबल मांडाच, पण त्याआधी चार गोष्टी करा. वाळूसाठी थांबलेल्या वेळेची मजुरी द्या. फळ्यावर दोष लिहा, माणूस नको. ठेकेदाराच्या पोरांना घोळक्यात घ्या आणि त्यांच्याशी हिंदीत बोला. आणि नासाडी कमी झाली म्हणून कुणाचं काम जाणार नाही, हे कागदावर सही करून द्या.