चिंध्यांतून मन मोकळं करूया

"डोकं दुखतं, झोप लागत नाही, छातीत धडधडतं," असं सांगत अनेक बहिणी आमच्याकडे येतात. बीपी, साखर, हिमोग्लोबिन तपासायलाच हवं. पण कधीकधी रिपोर्ट चांगले येतात आणि त्रास तसाच राहतो. आत दुःख असतं, त्याला शब्द सापडत नाहीत. अशा वेळी हातांना बोलू द्यावं.

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात १९७३ साली लष्कराने सत्ता बळकावली. हजारो लोकांना पकडून नेलं, कित्येक परतलेच नाहीत. त्यांच्या आया-बायका चर्चच्या मदतीने एकत्र बसून गोणपाटावर जुन्या कपड्यांचे तुकडे शिवू लागल्या. काहींनी हरवलेल्या माणसाचेच कपडे वापरले. या कापडी चित्रांना 'आर्पिएरा' म्हणतात. उघड बोलायची चोरी होती, ते त्यांनी सुईने सांगितलं. चित्रं परदेशात विकली गेली, घरात चार पैसेही आले.

आपल्या आई-आजीने जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवल्याच आहेत. फरक इतकाच, की इथे पांघरूण करायचं नाही, मन मोकळं करायचं.

कसं करायचं?

• हातभर गोणपाट किंवा जाड कापड घ्या. सोबत चिंध्या, लेस, बटणं, लोकर, मणी, कागद, जे घरात असेल ते.

• आधी नक्षी ठरवू नका. मन ओढेल तो तुकडा उचला आणि लावा.

• टाके वाकडे चालतील. राग आला तर कापड फाडा, गाठी मारा. रडू आलं तर थांबा, पाणी प्या.

• दुसरीचं काम पाहून 'छान' किंवा 'वाईट' म्हणू नका. "हा तुकडा कुणाचा?" एवढंच विचारा. तिला सांगायचं नसेल तर आग्रह नको.

• सुया, मणी, बटणं लहान मुलांपासून दूर ठेवा.

आमच्यासोबत बसणाऱ्या एका मावशींनी वारलेल्या मुलाच्या शर्टाचा खिसा शिवला. दोन बैठका त्या गप्पच होत्या. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "यात तो बसचं तिकीट ठेवायचा." मुलाबद्दल त्या आमच्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

हा औषधाला पर्याय नाही. चालू गोळ्या बंद करू नका. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, झोप-भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जीव द्यावासा वाटला तर एक दिवसही थांबू नका. घरच्यांना सांगा आणि सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं.