दवंडी कशी द्यायची, हे कोणाला आठवतंय?

तुम्ही जर्मनीत राहत असाल, तर सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास ट्राममधले सगळे फोन एकदम कर्कश वाजतात, हे तुम्ही अनुभवलं असेल. हा ‘वार्नटाग’, म्हणजे आपत्तीच्या इशाऱ्याची देशभरची रंगीत तालीम. फोन वाजवणारं हे तंत्र नवीन वाटतं, पण तसं नाही. जर्मनीत ते पूर्वीही वापरात होतं. मग विस्मरणात गेलं, आणि एका मोठ्या आपत्तीनंतर परत आणावं लागलं.

त्याचं नाव सेल ब्रॉडकास्ट. एसएमएस हा पोस्टमनसारखा असतो. तो प्रत्येक नंबरच्या दारात वेगळा जातो, म्हणून लाखो लोकांना एकाच वेळी पाठवायला गेलं की नेटवर्क तुंबतं. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी. टॉवर एकदाच ओरडतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन ऐकतात. कोणाचा नंबर माहीत असावा लागत नाही, ॲप लागत नाही, आणि कॉलची गर्दी असली तरी संदेश पोचतो. जीएसएमच्या मानकात ही सोय १९९०च्या दशकापासून आहे.

जर्मनीत धंद्यासाठी तिचा वापरही झाला. १९९९ मध्ये फियाग इंटरकॉम या कंपनीने (हीच पुढे ओ-टू झाली) ‘जेनिऑन’ सेवा आणली. टॉवर सेल ब्रॉडकास्टवरून स्वतःचा ठावठिकाणा सांगायचा. तुम्ही घराजवळ असलात की स्क्रीनवर छोटंसं घर दिसायचं आणि कॉल स्वस्त पडायचा. पुढे फ्लॅट रेट आले आणि अशा सेवेची गरज संपली.

गरज संपली की तिच्याभोवतीची माणसंही पांगतात. त्याच काळात उद्योगही बदलत होता. सीमेन्सने २००५ मध्ये मोबाइल फोनचा विभाग बेनक्यूला दिला. २००७ मध्ये नेटवर्कचा व्यवसाय नोकियाबरोबरच्या भागीदारीत गेला, आणि २०१३ मध्ये सीमेन्स त्यातूनही बाहेर पडली. सरकारी बाजूला, शीतयुद्ध संपल्यावर हजारो भोंगे उतरवले गेले. लाँगवेव्ह आणि मीडियमवेव्ह बंद करून डॉइचलांडफुंकने २०१५ अखेर त्या प्रक्षेपणाला निरोप दिला. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला, तर त्याला कारण होतं. इशाऱ्याचा भार मात्र हळूहळू ‘नीना’सारख्या ॲपवर आला.

१० सप्टेंबर २०२०च्या वार्नटागला यंत्रणेवर एकदम ताण आला आणि ॲपवरचा इशारा सुमारे अर्धा तास उशिरा पोचला. ती तालीम होती. पुढच्या वर्षी, १४ जुलैच्या रात्री, आर नदीच्या खोऱ्यात पूर आला आणि १३०हून अधिक माणसं गेली. पाणी चढल्यावर वीज गेली, टॉवर बंद पडले. त्यानंतर सेल ब्रॉडकास्टही फारसं कामाचं नव्हतं. पण त्याआधीचे काही तास हाताशी होते. शेजारच्या नेदरलँड्समध्ये हीच दवंडी २०१२ पासून चालू होती.

जर्मनीत ती नियमित सुरू व्हायला फेब्रुवारी २०२३ उजाडलं. हा फक्त ज्ञानाचा प्रश्न होता असं म्हणता येणार नाही. खर्च कोणी करायचा, हाही वाद होता. पण ज्ञान कमी होतं तेव्हा सगळ्यात आधी काय हरवतं, ते इथे दिसतं. मानकाचे कागद कुठेच जात नाहीत, कोणीही उघडून वाचू शकतं. हरवतो तो बैठकीत ‘अहो, हे तर आपल्या नेटवर्कला जमतं, वापरत का नाही?’ असं विचारणारा माणूस. तो पुस्तकातून तयार होत नाही. वर्षानुवर्षं टॉवरखाली, एक्स्चेंजमध्ये, बिघाड शोधत काम केल्यावर तयार होतो. नेटवर्कची देखभाल बाहेर दिली की पैसे वाचतात, पण हा अनुभवही बाहेर जातो. बिल भरणाऱ्याला मग नेमकं काय मागायचं, तेच कळत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण इथे इलेक्ट्रिकल किंवा कम्प्युटर शिकायला आलात. सॉफ्टवेअरकडे ओढा असणं साहजिक आहे. तरी अँटेना आणि रेडिओ लहरींचा एखादा कोर्स घेऊन बघा. परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवानाही काढता येतो. जून २०२४ पासून नवशिक्यांसाठी ‘एन’ नावाचा सोपा वर्ग सुरू झालाय. त्यातून लगेच नोकरी मिळेल असं नाही. पण पुढे कधी तुम्ही अशा बैठकीत बसलात, तर तो प्रश्न विचारणारं कोणीतरी तिथे असेल.