दारूबंदीनंतरचा खर्च: आलापल्लीहून तीन दशकांचा मागोवा

गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली ती १९९३ साली. त्या वर्षी जन्मलेली मुलं आज तिशी ओलांडून गेली आहेत. आलापल्लीच्या चौकात भामरागडच्या, सिरोंच्याच्या गाडीची वाट पाहत उभी असलेली कर्ती माणसं बरीचशी याच पिढीची. जिल्ह्यात सरकारमान्य दारूचं दुकान त्यांनी कधी पाहिलेलं नाही. तरीही मोहाच्या सडव्याचा वास, शेजारच्या जिल्ह्यातून येणाऱ्या देशीच्या पेट्या आणि रात्रीची भांडणं यांतलं काहीच त्यांच्या ओळखीबाहेरचं नाही. बंदी चांगली की वाईट यावर या काळात भरपूर बोलून झालं. मला हिशेब मांडायचा आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा: माणसं व्यसनातून बाहेर यावीत म्हणून या तीस वर्षांत पैसा कुणी घातला, तो कशावर गेला आणि कुठे गेलाच नाही.

हा प्रश्न आता मनात येण्याचं एक कारण अमेरिकेतलं आहे. तिथे अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांनी लाखो माणसं गेली. गोळ्या बनवणाऱ्या आणि पुरवणाऱ्या कंपन्यांवर राज्यांनी, जिल्ह्यांनी, शहरांनी खटले भरले. २०२१ साली तीन मोठे वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी मिळून २६ अब्ज डॉलर देण्याचं मान्य केलं. वितरकांचा वाटा अठरा वर्षांत हप्त्याहप्त्याने यायचा आहे. इतर कंपन्यांचे करार धरले तर ही रक्कम ५० अब्जांच्या पुढे जाते. त्यातला फार मोठा भाग उपचार आणि प्रतिबंधावरच खर्च व्हावा अशी अट करारातच घालून ठेवली आहे. १९९८ च्या तंबाखू कराराने त्यांना धडा शिकवला होता. त्या वेळी ४६ राज्यांना पंचवीस वर्षांत २०० अब्ज डॉलरहून जास्त मिळायचे ठरले होते, पण त्यातला बहुतेक पैसा अंदाजपत्रकातली भोकं बुजवण्यात गेला आणि तंबाखू सोडवण्याच्या कामाला किरकोळ वाटा आला. आताही कुठे पोलिसांच्या गाड्या घेतल्या, कुठे पैसा नुसता पडून राहिला, अशा तक्रारी आहेतच. पण निदान ज्याने नुकसान केलं त्याने पैसे मोजले आणि ते गावापर्यंत पोचले.

आपल्याकडे कुणीच पैसे मोजले नाहीत. मोजली ती बायांनी आपली रात्र आणि रोजी.

१९८० च्या दशकाच्या शेवटी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने जिल्ह्यातल्या दारूचा अभ्यास लोकांपुढे ठेवला. सरकार जिल्ह्याच्या विकासावर वर्षाला जितका पैसा घालतं त्याहून जास्त पैसा लोक दारूत घालतात, हे त्यातून गावोगाव कळलं. त्या एका तुलनेनं लोक खवळले. १९८८ पासून पुढची पाच वर्षं ठराव, मोर्चे, सभा झाल्या. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाने तर त्याआधीच, बायांनी विषय लावून धरला म्हणून, गावात दारू बंद करून दाखवली होती. जंगलावरचा हक्क पुढे २००९ मध्ये मिळाला, पण एकत्र बसून निर्णय घ्यायची सवय या गावाला त्या जुन्या निर्णयापासूनच लागली होती. शेवटी १९९३ साली सरकारने जिल्ह्याची दारू बंद केली. सरकारच्या बाजूने हा निर्णय म्हणजे महसूल सोडणं होतं, आणि त्याचं मोल कमी नाही.

त्यानंतरचा काळ मात्र मला अजूनही खुपतो. कायदा आला आणि त्याच्या मागे खर्चाचं पान कोरंच राहिलं. भट्टी फोडायला पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग होते. पण ज्याचा हात सकाळी उठल्या उठल्या थरथरतो त्याने जायचं कुठे? सर्चच्या शोधग्रामात व्यसनमुक्तीचं काम चालायचं, पण आलापल्लीहून ते शंभर किलोमीटरहून लांब. भामरागडच्या माणसाला तर जाण्यायेण्यातच दोन दिवस आणि दोन रोज्या. दारू अचानक सुटली की घाम फुटतो, झोप उडते, काहींना झटके येतात, भास होतात. हे कळायला आणि सांभाळायला जवळ शिकलेलं माणूस लागतं, योग्य वेळी गोळी लागते, बी-१ जीवनसत्त्व लागतं. यातली एकही गोष्ट महाग नाही. पण दर आठवड्याला, ठरल्या जागी, ठरल्या वाराला मिळायला हवी. बंदीच्या आदेशात या गोष्टींसाठी तरतूद नव्हती.

देशभरचं चित्रही वेगळं नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतो असं आढळलं. दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० मध्ये एक.

वैनगंगेपलीकडे चंद्रपुरात काय झालं ते थोडं सविस्तर बघितलं पाहिजे, कारण तिथली चूक आपल्याला उपयोगी आहे. श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वात २०१० च्या डिसेंबरात हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. पाचशेहून जास्त ग्रामपंचायतींनी ठराव दिले. तत्कालीन पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात बंदी आली आणि वर्धा, गडचिरोली, चंद्रपूर असा सलग दारूबंदीचा पट्टा तयार झाला. सहा वर्षांनी, २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला, ही कारणं दिली गेली. ती सगळी खोटी होती असं मी म्हणणार नाही. खाणी आणि कारखान्यांच्या त्या जिल्ह्यात मागणी मोठी, पैसा हातात खेळता आणि सीमा चारही बाजूंनी उघड्या. पण या सहा वर्षांत बंदी टिकवायला तालुक्यातालुक्यात माणसं नेमली गेली का, उपचाराची सोय झाली का, गावातल्या संघटनेला बळ देणारं कुणी होतं का? बंदीचं यश मोजताना नेमकं हेच कुणी मोजलं नाही. पकडलेल्या बाटल्या मोजल्या, बुडालेला कर मोजला आणि निकाल दिला. माझ्या मते चंद्रपुरात बंदी हरली नाही. तिला पूर्ण करणारा खर्च कधी झालाच नाही. चिमूरहून चालत गेलेल्या बायांना तरी आपण हे कबूल करायला हवं.

गडचिरोलीत मात्र २०१६ पासून वेगळं घडलं. राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि सर्च यांनी मिळून 'मुक्तिपथ' सुरू केलं. वर मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर देखरेख, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती आणि बाराही तालुक्यांत पगारी कार्यकर्त्यांची चमू. दारूसोबत तंबाखूही त्यांनी धरला, हे फार शहाणपणाचं झालं. पैसा इमारतींवर न जाता फिरणाऱ्या माणसांवर गेला, आणि या तीस वर्षांत व्यसनावर झालेला सर्वांत चांगला खर्च मी यालाच मानतो.

आमच्या अहेरी तालुक्यातल्या कुठल्याही गावातलं उपचार शिबिर डोळ्यांपुढे आणा. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या ओसरीवर सतरंजी, एक टेबल, नावं लिहायचं रजिस्टर. समुपदेशक विचारतो: कितव्या वर्षापासून घेता? सकाळी उठल्यावर लागते का? न घेता किती दिवस राहिलात? घरी कोण कोण आहे? पुरुष आधी मान खाली घालून 'कधी कधी' म्हणतो. मागे बसलेली बायको काही बोलत नाही. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला तो खरं सांगू लागतो, कारण विचारणारा ना पोलीस आहे ना नातलग. मग रक्तदाब, गोळ्या आणि तालुक्याच्या क्लिनिकात कुठल्या वारी यायचं ते कागदावर. पुढच्या वारी तो आला नाही तर कार्यकर्ता गावात जातो. एवढंच, पण 'गावात जातो' या दोन शब्दांसाठी पगार, पेट्रोल आणि वर्षानुवर्षं टिकणारी नेमणूक लागते. कोणतीही योजना तीन वर्षांत गुंडाळली तर पहिला बळी याच दोन शब्दांचा जातो.

दुसरी बाजू गाव संघटनेची. बाया एकत्र येऊन सडवा उलटवतात, विक्रेत्याला समज देतात, पोलिसांना बोलावतात. विकणारी पुष्कळदा त्याच गावची असते, कधी नवरा गेलेली, कधी दुसरं काही कमवायला नसलेली. तिला शत्रू ठरवून गाव सुधारत नाही. तिच्या हाताला दुसरं काम द्यायला हवं, आणि त्यासाठी प्रतिबंधाच्या खर्चात जागा हवी. माडिया घरांत पूर्वजांना आणि देवाला मोहाचा घोट वाहतात. तो रिवाज आणि दुकानदारी यांतला फरक गावाला चांगला कळतो. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचं नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला तो याच समजुतीवर विश्वास ठेवून. ग्रामसभेने स्वतः नियम केला तर तो टिकतो, कारण मोडणाऱ्याला रोज त्याच माणसांत वावरायचं असतं.

आणि खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून पानठेल्यावर जोर लावून घोटायचा, रबर लावून द्यायचा. बसमधून उतरणारा पहिल्यांदा तिकडेच वळतो. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, पण खर्रा तर इथेच घोटला जातो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूच्या कुठल्या ना कुठल्या रूपात अडकलेले आढळले, बहुतेक चघळण्याच्या. आमच्या भागात तर तंबाखू जाळून केलेली नस दाताला लावणाऱ्या आज्याही आहेत आणि खिशात खर्रा घेऊन वर्गात बसणारी पोरंही. दारूने घर मोडलेलं दिसतं म्हणून गाव चिडतं. खर्ऱ्याने तोंड उघडेनासं होतं ते हळूहळू, म्हणून कुणी चिडत नाही. तोंडात बोटं उभी मावत नाहीत असा तरुण दवाखान्यात येतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. शाळांमधून तोंड तपासणं, लवकर ओळखणं, हा प्रतिबंधाचा स्वस्तातला खर्च. तो नियमाने व्हायला हवा.

या भागाच्या पैशाचा आणि तंबाखूचा संबंध आणखी खोल आहे, आणि त्यावर लिहिणं मला जड जातं. उन्हाळ्यात अख्खं गाव पहाटे जंगलात शिरतं, तेंदूपानं तोडतं, पुडे बांधून संध्याकाळी खरेदीच्या फळीवर देतं. वनहक्क आणि पेसामुळे आज अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. मधल्या ठेकेदाराने वर्षानुवर्षं खाल्लेला पैसा आता गावाच्या खात्यात येतो. या भागातल्या ग्रामसभांचा सर्वांत मोठा मुक्त पैसा हाच, आणि ते पान जातं बिडीला. आमच्या गावाच्या आरोग्यासाठी गाव ज्या पैशातून काही बाजूला काढू शकतं, तो पैसा तंबाखूच्या धंद्यातूनच येतो. तोडणाऱ्यांचा यात काही दोष नाही. मे महिन्यात दुसरी कुठली रोजी आहे? पण तेंदूचा पैसा हाती पडला की पुढच्या आठवड्यात दारू विकणारे गावाभोवती घिरट्या घालतात हेही सगळ्यांना माहीत आहे. काही ग्रामसभांनी त्या दिवसांत विक्रीवर कडक नजर ठेवायला सुरुवात केली. अशी नजर ठेवणाऱ्या बायांना त्या दिवसांची रोजी ग्रामसभेच्या कोषातून मिळाली पाहिजे. त्यांचं काम फुकटात धरायचं आता थांबवा.

ग्रामपंचायतीकडे इतर पैसा कोणता? पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेल्यातून पगार देता येत नाही, म्हणून समुपदेशक नेमता येत नाही. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी २०१५ पासून पेसा गावांना थेट मिळतो आणि त्याच्या खर्चाच्या बाबींत आरोग्य आहे. 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा बनवताना मात्र रस्ता, नाली, सभामंडप, बोअरवेल यांची यादी आधी भरते. नाली दिसते, तिचा फोटो काढता येतो. दारू सोडलेल्या माणसाचा फोटो काढून लावावा असं कुणाला वाटत नाही, आणि वाटूही नये.

राहिला तो खनिजाचा पैसा. अमेरिकेतल्या भरपाईच्या सर्वांत जवळचं असं आपल्याकडे काही असेल तर ते जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाणीचं नुकसान सोसणाऱ्या लोकांसाठी खाणवाल्यांनी दिलेला हा निधी. २०१५ च्या कायदा दुरुस्तीने तो आला, आणि त्यातला निदान ६० टक्के भाग पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण अशा अग्रक्रमाच्या बाबींवर घालायचा असं सुरुवातीच्याच नियमात लिहिलं गेलं. सुरजागडचं लोहखनिज घेऊन ट्रक एटापल्लीकडून आलापल्लीतूनच जातात. धूळ आमच्या घरांवर बसते. खाणीसोबत रोख मजुरी आली, रात्रपाळी आली, परगावचे चालक आले, आणि दारूची मागणी वाढवायला एवढं पुरतं. चंद्रपुरात कोळशाभोवती हेच झालेलं आपण पाहिलं आहे. व्यसन हे खाणीच्या भागातलं नुकसान म्हणून मोजलं गेलं पाहिजे आणि त्याचा उपचार या निधीत लिहिला गेला पाहिजे.

तसं लिहायचं तर मागणी फार मोठी नाही. अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात दारू सोडवताना दाखल करून घ्यायला राखीव खाटा आणि त्यांच्यावर प्रशिक्षित परिचारिका. आलापल्ली, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा इथे दर आठवड्याचं क्लिनिक, ज्याचा खर्च एखाद्या ट्रस्टच्या मुदतीवर अवलंबून नसेल. गावात पाठपुराव्याला जाणाऱ्या कार्यकर्त्याची निदान दहा वर्षांची नेमणूक. माडिया आणि तेलुगू बोलणारे समुपदेशक, कारण सिरोंच्याची बाई मराठीत आपल्या घरातलं सांगत नाही. राज्याला दारूवरच्या करातून वर्षाला २० हजार कोटींच्या पुढे उत्पन्न मिळतं. त्यातला ठरलेला वाटा व्यसन उपचाराला मिळावा, आणि दारूबंदीच्या जिल्ह्यांना तो आधी मिळावा. या जिल्ह्याने कर न देता शेजारची दारू सोसली आहे. २०२१ नंतर चंद्रपूरची दुकानं पुन्हा उघडली, प्राणहितेपलीकडे तेलंगणची कायम उघडी आहेत, आणि दोन्हीकडचा माल रात्री याच रस्त्यांनी आत येतो.