पोरांनी सांभाळलेला रेडिओ



गेल्या सुट्टीत आम्ही कपाटाच्या वरच्या फळीवरून जुना ट्रान्झिस्टर खाली काढला. नात म्हणाली, "आजी, याच्यात गाणी कोण घालतं?" आम्ही म्हटलं, "कोणी घालत नाही गं, ती हवेतून येतात." तिला आधी ते खरंच वाटेना. मग थोडा विचार करून म्हणाली, "मग आपल्यालासुद्धा हवेत घालता येतील?"

हा प्रश्न आमच्या पिढीने कधी विचारलाच नव्हता. आमच्या लहानपणी मुंबईत रेडिओ म्हणजे सरकार. घरात रेडिओ ठेवायचा तर त्याचं लायसन काढावं लागे आणि दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरावे लागत. चाळीत ज्याच्याकडे रेडिओ, त्याच्या दाराशी संध्याकाळी चपलांचा ढीग. दुपारी बायका 'वनिता मंडळ' ऐकत, 'आपली आवड' लागलं की सगळे गप्प. पण रेडिओ ऐकायचा असतो, त्यात आपण बोलायचं नसतं, हे आम्ही धरूनच चाललो होतो. भारतात कॉलेजांना स्वतःचा रेडिओ चालवायची परवानगीच २००२ साली मिळाली. आज पुणे विद्यापीठाची १०७.४ वरची 'विद्यावाणी' आहे, पण आम्ही शिकत होतो तेव्हा असलं काही स्वप्नातही नव्हतं.

म्हणून या अंकात नातीच्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं ठरवलं. पोरांना हवेत गाणी घालता येतात का? येतात. आपल्या टेक्ससमध्येच पोरांनी ती घातली, त्यांच्याकडून ती काढून घेतली गेली, आणि त्यांनी पुन्हा घातली.

आमच्या फ्रिस्कोपासून जवळचा कॉलेजचा रेडिओ म्हणजे डेंटनच्या विद्यापीठाचा, ८८.१ वरचा. तो १९६९ पासून आहे, पण तो जोरदार, दूरवर ऐकू येणारा. आमची गोष्ट त्याहून लहान रेडिओची आहे. त्यासाठी गाडीने चार-पाच तास दक्षिणेला, ह्यूस्टनला जावं लागेल. तिथे राइस विद्यापीठ आहे. तिथली मुलं ज्या वसतिगृहांत राहतात त्यांनाच 'कॉलेज' म्हणतात. त्यातल्या हॅन्झेन कॉलेजमध्ये १९६७ च्या फेब्रुवारीत काही मुलांना रेडिओची हुक्की आली.

पैसे नाहीत, मनोरा नाही, लायसन नाही. मग त्यांनी काय केलं? वसतिगृहात खोल्याखोल्यांतून घंटीच्या तारा टाकलेल्या होत्या. मुलांनी आपल्या रेडिओचा आवाज त्याच तारांमधून सोडला. त्या इमारतीत राहणाऱ्यांना तो आपल्या साध्या रेडिओवर ऐकू यायचा. इमारतीबाहेर पडलात की संपलं! बालमित्रांनो, आगपेटीच्या दोन डब्या दोऱ्याने जोडून तुम्ही टेलिफोन करता ना, त्याचाच हा मोठा भाऊ.

राइसचं बोधचिन्ह घुबड आहे. आपल्याकडे घुबड दिसलं की आजी-पणजी थू थू करायच्या, पण इथे ते शहाणपणाचं पाखरू. पुढे हा रेडिओ विद्यार्थ्यांच्या मुख्य इमारतीत गेला, तेव्हा मुलांनी त्याचं नावही 'के-आउल', म्हणजे घुबडावरून ठेवलं. मग सरकारकडे रीतसर अर्ज झाला, आणि १९७१ साली एफएमवर ९१.७ या जागी तो सुरू झाला. नाव पडलं केटीआरयू. ताकद किती? अवघी दहा वॅट. आपल्या फ्रीजमध्ये दार उघडल्यावर लागणारा जुना पिवळा बल्बसुद्धा त्याहून जास्त वीज खायचा. आकाश मोकळं असेल तर दहा वॅटसुद्धा काही मैल जातात, पण मध्ये उंच इमारती आल्या की आवाज अडतो.

पुढच्या वीस वर्षांत तो हळूहळू वाढला. दहाचे काहीशे वॅट झाले. १९९१ साली तर एका दुसऱ्या रेडिओ कंपनीने आपल्या सोयीसाठी याचं यंत्र शहराच्या उत्तरेला हंबलजवळ हलवून दिलं, आणि ताकद झाली पन्नास हजार वॅट. घंटीच्या तारांत जन्मलेला आवाज आता सगळ्या ह्यूस्टनभर जाऊ लागला.

पण चालवायचं कोणी? तेव्हाही पोरांनीच. इथे आम्हाला थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण या लेखाचं मर्म तिच्यात आहे. कॉलेजमध्ये मुलगा किंवा मुलगी चार वर्षं असते. पहिलं वर्ष शिकण्यात जातं, शेवटचं नोकरीच्या काळजीत. म्हणजे ज्याला सगळं येतं तो माणूस हातात राहतो कसाबसा दोन वर्षं. मग तो जातो. दर वर्षी जाणाऱ्याने येणाऱ्याला शिकवायचं: हे बटण कशाचं, ही तबकडी कुठे ठेवायची, हवेवर काय बोलायचं नाही, पुढचा पाळीवाला आला नाही तर काय करायचं. नव्या पोरांच्या वाट्याला बहुधा मध्यरात्रीनंतरची पाळी. आम्ही आयुष्यभर हॉस्पिटलात रात्रपाळ्या केल्या, त्यामुळे हे आम्हाला अगदी ओळखीचं वाटलं. पहाटे तीन वाजता कोणी बघत नसतं, पण तुम्ही जागे आहात यावर कोणाचा तरी भरवसा असतो. आणि सकाळी पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला सगळं नीट सांगितल्याशिवाय घरी जायचं नसतं.

वाजवायचं काय, तर जे दुसरीकडे वाजत नाही ते. गावातली नवी बँड मंडळी, आफ्रिकेचं संगीत, लहान मुलांसाठी वेगळा कार्यक्रम. आणि आपल्या लोकांना आनंद होईल असं म्हणजे 'नवरंग' नावाचा, भारताच्या बाजूच्या संगीताचा कार्यक्रमही तिथे होता. विद्यार्थ्यांच्या जोडीला गावातले हौशी लोकही पाळ्या करत.

पहिला धक्का २००० सालच्या अखेरीला बसला. विद्यापीठाला वाटे, रेडिओवर आपल्या संघांचे सामने जास्त लागावेत. मुलांना वाटे, मग आमचं संगीत कुठे जायचं? वाद वाढला. एकदा बास्केटबॉलचा सामना चालू असताना दोन मुलांनी त्याच्या समालोचनावरच गाणं लावून दिलं. हे काही बरं केलं नाही, आम्ही त्यांची बाजू घेणार नाही. पण विद्यापीठाने सरळ स्टुडिओला कुलूप घातलं. मुलं मोर्चे घेऊन आली, बोलणी झाली, आणि आठवडाभराने रेडिओ परत सुरू झाला. सगळ्यांना वाटलं, आता मिटलं.

मिटलं नव्हतं. २०१० च्या ऑगस्टमध्ये, मुलं सुट्टीवर असताना बातमी आली की विद्यापीठ ही जागा, म्हणजे ९१.७ ची लहर, मनोरा, लायसन सगळं, ह्यूस्टन विद्यापीठाला विकतंय. किंमत पंच्याण्णव लाख डॉलर! विद्यापीठाचं म्हणणं असं की आता मुलं कॉम्प्युटरवर ऐकतात, हवेतल्या रेडिओचं मोल दिवसेंदिवस घटत जाणार, तेव्हा तो विकून आलेला पैसा नव्या भोजनगृहासारख्या कामांना लावावा. व्यवहाराच्या नजरेने पाहिलं तर यात काही खोटं नव्हतं. पण ज्यांनी तो चाळीस वर्षं सांभाळला, त्यांना आधी विचारलं नव्हतं. घर विकायला निघालेल्या थोरल्या भावाने धाकट्यांना वर्तमानपत्रातून कळू द्यावं, तसं ते झालं.

मुलांनी सह्या गोळा केल्या, जुने विद्यार्थी आले, वॉशिंग्टनच्या संचार आयोगाकडे हरकत नोंदवली. उपयोग झाला नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये आयोगाने मंजुरी दिली आणि २८ एप्रिलला ९१.७ वरून केटीआरयूचा आवाज गेला.

असं फक्त ह्यूस्टनलाच झालं नाही. आमच्या फ्रिस्को गावाचं नाव कुठून आलं ठाऊक आहे ना? 'सेंट लुई–सॅन फ्रान्सिस्को' नावाची रेल्वे इथून गेली, तिला लोक लाडाने 'फ्रिस्को' म्हणत, त्यावरून १९०४ साली गावाला हे नाव मिळालं. गंमत म्हणजे ती रेल्वे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत कधी पोचलीच नाही! तर त्या खऱ्या सॅन फ्रान्सिस्कोतही एक कॉलेजचा रेडिओ होता, केयूएसएफ. १९७७ पासून तो ९०.३ वर होता आणि त्यावर निरनिराळ्या भाषांच्या लोकांचे आपापले कार्यक्रम चालत. १८ जानेवारी २०११ ला सकाळी तो एकाएकी हवेवरून बंद झाला. विक्री झाली होती, साडेसदतीस लाख डॉलरला. दोन शहरं, एकच हंगाम, आणि दोन्ही ठिकाणी तीच कहाणी. ज्या म्हातारीला आपल्या भाषेतला आठवड्यातला तेवढा एक तास ऐकायला मिळत होता, तिने दुसऱ्या दिवशी रेडिओ लावला असेल तेव्हा तिला काय वाटलं असेल, हे आपल्यासारख्यांना सांगायला नको.

आता पुढचं ऐका. ह्यूस्टनची पोरं रडत बसली नाहीत. ९१.७ गेलं तरी कॉम्प्युटरवरून त्यांचं चालूच होतं. शिवाय एका शेजारच्या लोकरेडिओने आपल्या डिजिटल वाहिनीचा एक कोपरा त्यांना दिला. म्हणजे घर गेलं तर शेजाऱ्याच्या ओटीवर बसले, पण पाळ्या चुकवल्या नाहीत. नवी मुलं येत होती, जुनी त्यांना शिकवत होती.

त्याच सुमारास, २०११ च्या जानेवारीत, अमेरिकेत लहान रेडिओंसाठी नवा कायदा झाला होता. शंभर वॅटपर्यंतची छोटी केंद्रं आता शहरांतही काढता येणार होती. त्यांचा आवाज जेमतेम तीन-चार मैल जातो, पण तो धंद्यासाठी नसतो. संस्थांनी अर्ज करायचे होते. राइसच्या मुलांनी केला. आणि २ ऑक्टोबर २०१५ ला त्यांचा आवाज पुन्हा हवेत आला, या वेळी ९६.१ वर, विद्यापीठाच्या स्टेडियमवर लावलेल्या अँटेनावरून. पन्नास हजार वॅटवरून पुन्हा लहान! तरी लोक त्याला आजही केटीआरयूच म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळींनीही पुढे १०२.५ वर असंच छोटं केंद्र उभं केलं.

आणि ज्यांनी पंच्याण्णव लाख डॉलर मोजून ९१.७ घेतलं होतं? त्यांनी त्यावर शास्त्रीय संगीताचं केंद्र चालवलं, पण ते परवडेना. पाच वर्षांत तेही पुढे तिसऱ्याला विकलं. म्हणजे ज्याच्याकडे मनोरा होता त्याच्याकडे केंद्र राहिलं नाही, आणि ज्यांच्याकडे नुसती पोरं होती त्यांच्याकडे राहिलं.

हे वाचून आम्हाला आपली मंडळी आठवली. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांच्या हातात काय होतं? जुन्या सांगण्याप्रमाणे पोथ्याही समुद्रात गेल्या. मग कोकणात तेलाचे घाणे चालवत शेकडो वर्षं काढली. ना मोठं सिनेगॉग, ना रब्बी. होतं ते इतकंच: शनिवारी घाणा बंद ठेवायचा, मुलाची सुन्नत करायची, आणि 'शेमा' म्हणायचं. बाकी पुष्कळ विसरलं, पण एवढं आईने मुलाला, बापाने लेकाला शिकवलं. म्हणून तर लोक 'शनवार तेली' म्हणून ओळखत. ती वंशपरंपरेची पाळीच होती. एकाही पिढीने ती चुकवली असती तर आज हे पत्रक छापायला कोणी उरलं नसतं.

आपलं हे पत्रकसुद्धा दहा वॅटचंच आहे. लिहिणारे चार, टपालाची पाकिटं भरणारे तीन, आणि सगळे सत्तरीच्या पुढचे. आमचा हात आता लिहिताना कापतो. आमच्या आयांना मराठीतली कीर्तनं तोंडपाठ होती, मोशेचं, योसेफाचं. आम्हाला निम्मी येतात. आमच्या मुलांना चाल तेवढी आठवते. नातवंडांना? ते विचारायला आम्हाला भीती वाटते.

म्हणून, बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. या शब्बाथनंतरच्या रविवारी आजी-आजोबांजवळ बसा. आईबाबांचा फोन घ्या आणि त्यातलं आवाज टिपायचं बटण दाबा. पंधरा मिनिटं फक्त. विचारा, मालिदा कसा करतात आणि कधी करतात. विचारा, तुमच्या घराण्याच्या आडनावातलं 'कर' कुठल्या गावावरून आलं. पेणकर, रोहेकर, नागावकर, प्रत्येकामागे एक गाव आहे. विचारा, मुंबई सोडली त्या दिवशी पेटीत काय भरलं होतं. मराठी मोडकी बोललात तरी चालेल. आजी हसेल, पण उत्तर देईल.

आणि आजी-आजोबांनो, "आता काय सांगायचं, कोण ऐकणार" असं म्हणू नका. पाळी बदलताना पुढच्याला सांगूनच घरी जायचं असतं.

आमच्या नातीने परवा तेच केलं. आम्ही मालिद्याचे पोहे कसे भिजवायचे ते सांगत होतो, तर मध्येच तिने विचारलं, "आजी, आता हे हवेत गेलं?" आम्ही म्हटलं, "नाही गं, आधी तुझ्या डोक्यात जाऊ दे. हवेत तू घाल."

शब्बाथ शालोम.