विश्लेषण : ‘पिलाटेस’चा मालक कोण? एका नर्तिकेची आयुष्यभराची तालीम आणि न्यायालयाचा निकाल

मुंबई-पुण्यातील जिमच्या पाट्यांवर ‘योगा’ आणि ‘झुम्बा’च्या शेजारी आता ‘पिलाटेस’ हा शब्द सर्रास दिसतो. यास्मिन कराचीवाला, नम्रता पुरोहित अशा प्रशिक्षकांकडे व्यायाम करणाऱ्या सिनेतारकांचे व्हिडीओ रोज फोनवर येतात. सरकती गादी, स्प्रिंगा, दोऱ्या आणि घामाघूम चेहरा. चौकशी केली की फीचा आकडा ऐकून अनेक जण दचकतात. पण फीच्या आधी विचारायला हवा असा एक प्रश्न आहे. ‘मी पिलाटेस शिकवतो’ असे म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाला?

अमेरिकेत हा प्रश्न थेट न्यायालयात गेला आणि २००० मध्ये त्याचे उत्तर मिळाले : कोणालाही! हे उत्तर समजून घ्यायचे तर रोमाना क्रिझानोव्स्का या नर्तिकेची गोष्ट माहीत असायला हवी. घोटा दुखावला म्हणून ती एका स्टुडिओत गेली आणि पुढे आयुष्यभर तेच शिकवत राहिली.

पिलाटेस हे कोणाचे नाव?

हे माणसाचे आडनाव आहे. जोसेफ पिलाटेस यांचा जन्म १८८३ मध्ये जर्मनीतील म्योन्शेनग्लाडबाख शहरात झाला. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी बेजार झालेल्या या मुलाने पुढे व्यायामाचा ध्यास घेतला. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ते इंग्लंडमध्ये होते. जर्मन नागरिक म्हणून त्यांना छावणीत ठेवण्यात आले. त्यातला बराचसा काळ त्यांनी ‘आइल ऑफ मॅन’ बेटावर काढला. तिथल्या रुग्णांच्या खाटांना स्प्रिंगा जोडून त्यांनी पडल्या पडल्या करायचे व्यायाम शोधले, असे सांगितले जाते.

१९२६ मध्ये ते अमेरिकेला गेले. त्यानंतर सहचारिणी क्लारा यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ९३९, एट्थ ॲव्हेन्यू या पत्त्यावर व्यायामशाळा थाटली. आपल्या पद्धतीला ते स्वतः ‘कंट्रॉलॉजी’ म्हणत, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र. १९४५ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात जमिनीवर करायचे ३४ व्यायाम आहेत. यंत्रांवरच्या व्यायामांचा पसारा त्याहून कितीतरी मोठा होता. तो मात्र पुस्तकात नव्हता. तो जोसेफ यांच्या हातात आणि नजरेत होता.

रोमाना क्रिझानोव्स्का कोण होत्या?

१९२३ मध्ये जन्मलेल्या रोमाना न्यूयॉर्कच्या ‘स्कूल ऑफ अमेरिकन बॅले’मध्ये शिकत होत्या. ही संस्था जॉर्ज बॅलँचीन आणि लिंकन कर्स्टीन यांनी १९३४ मध्ये सुरू केली होती. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला रोमाना यांचा घोटा दुखावला. बॅलेमध्ये पायाच्या बोटांवर अख्खे शरीर तोलायचे असते. तिथे घोटा गेला की सगळेच गेले. शस्त्रक्रियेचा विषय निघाला, तेव्हा बॅलँचीन यांनी त्यांना जोसेफ यांच्याकडे पाठवले.

पुढचा किस्सा पिलाटेस शिकवणाऱ्यांमध्ये आजही आवडीने सांगितला जातो. जोसेफ म्हणाले, पाच वेळा येऊन फरक पडला नाही तर पैसे परत. तिसऱ्याच खेपेला फरक जाणवला. किश्श्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याने त्याने ठरवावे. पण रोमाना नृत्याकडे परतल्या आणि जोसेफ यांची तालीमही त्यांनी सोडली नाही, एवढे खरे.

लग्नानंतर त्या पेरू देशात गेल्या. सुमारे पंधरा वर्षे तिथे राहून १९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कला परतल्या आणि पुन्हा त्याच व्यायामशाळेत रुजू झाल्या. आता त्या दुखणे घेऊन आलेल्या नर्तिका नव्हत्या, शिकवणाऱ्या होत्या.

दुखावलेल्या नर्तिकेला यंत्राचा उपयोग का झाला?

इथे थोडे भौतिकशास्त्र लागते. पिलाटेसचे मुख्य यंत्र म्हणजे ‘रिफॉर्मर’. एक लांब चौकट, तिच्यात चाकांवर सरकणारी गादी, गादीला लावलेल्या स्प्रिंगा, पाय टेकवायला दांडी आणि हाता-पायांत अडकवायला पट्टे.

उभे राहून टाचा उचलल्या की शरीराचे सगळे वजन घोट्यांवर येते. ते कमी करण्याची सोय नसते. रिफॉर्मरवर माणूस उताणा झोपतो आणि पायांनी दांडी ढकलतो. हालचाल जवळपास तीच, पण घोट्यावर येणारा भार शरीराच्या वजनाचा नाही, स्प्रिंगचा. एक स्प्रिंग काढली की भार कमी, एक लावली की जास्त. नाचताना लागणारी हालचाल कमी भारात, अचूकपणे पुन्हा पुन्हा करता येते.

दुसरा मुद्दा हूकच्या नियमाचा. स्प्रिंग जितकी ताणाल तितका तिचा विरोध वाढतो. डंबेलचे वजन मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढेच राहते आणि झोका देऊन ते उचलण्याची लबाडीही करता येते. रिफॉर्मरवर खरी परीक्षा परतताना होते. ताणलेली स्प्रिंग गादीला खेचत असते, ती सावकाश परत आणावी लागते. नियंत्रण सुटले की गादी धाडकन आदळते. तो आवाज म्हणजे चूक.

म्हणूनच ‘जास्त स्प्रिंगा म्हणजे अवघड’ हा समज नेहमी खरा नसतो. काही व्यायामांत स्प्रिंग हलकी केली की गादी अस्थिर होते आणि पोट-पाठीच्या स्नायूंना जास्त काम पडते. ताण, ताकद आणि ताबा या तिन्हींत ताबा सर्वात महत्त्वाचा, यावर रोमाना यांचा भर असे.

जोसेफ गेल्यानंतर पद्धत टिकली कशी?

ऑक्टोबर १९६७ मध्ये जोसेफ यांचे निधन झाले. क्लारा यांनी व्यायामशाळा सुरू ठेवली. १९७० च्या सुमारास तिची सूत्रे रोमाना यांच्याकडे आली. १९७७ मध्ये क्लाराही गेल्या. पुढे व्यायामशाळेची जागा बदलली, मालक बदलले आणि अखेर ती बंद पडली. रोमाना मात्र न्यूयॉर्कमधील दुसऱ्याच्या जिममध्ये यंत्रे लावून शिकवत राहिल्या.

त्या एकट्या नव्हत्या. मार्था ग्रॅहम यांच्या संचात नाचलेले रॉन फ्लेचर गुडघ्याच्या दुखण्यामुळे जोसेफ यांच्याकडे आले होते. १९७० च्या दशकात त्यांनी बेव्हर्ली हिल्समध्ये स्टुडिओ काढला आणि पिलाटेस हॉलीवूडपर्यंत पोहोचले. कॅथी ग्रँट, लोलिता सान मिगेल, इव्ह जेंट्री या साऱ्या जणी नृत्यातूनच आलेल्या. पिलाटेसची पहिली पिढी बहुतांशी नर्तकांची आहे आणि त्याला कारण आहे. हालचाल पाहून जशीच्या तशी लक्षात ठेवणे, ती शरीरात मुरवणे आणि दुसऱ्याच्या शरीरातील बारीक चूक ओळखणे हेच नर्तकाचे रोजचे काम असते. जे पुस्तकात नव्हते ते या लोकांनी अंगात जपले.

मराठीत ‘तालीम’ हा शब्द पैलवानांच्या आखाड्यालाही लागतो आणि नाटक-गाण्याच्या शिकवणीलाही. पिलाटेसच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. आणि गाण्यात होते तेच इथेही झाले, घराणी तयार झाली. रोमाना यांचे घराणे शिस्तीचे. जोसेफ यांनी दाखवलेला क्रम बदलायचा नाही, हा त्यांचा आग्रह. फ्लेचर यांनी नृत्याच्या अंगाने भर घातली. आज ‘क्लासिकल’ आणि ‘कंटेम्पररी’ पिलाटेस असे जे दोन प्रवाह सांगितले जातात, त्यातील पहिल्यावर रोमाना यांची छाप मोठी आहे.

मग खटला कशावरून झाला?

१९९० च्या दशकात शॉन गॅलगर यांनी ‘पिलाटेस’ या नावाचे ट्रेडमार्क हक्क विकत घेतले. रोमाना यांना सोबत घेऊन त्यांनी शिक्षक घडवण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. परवानगीशिवाय हे नाव वापरणाऱ्यांवर कायदेशीर कारवाईचा बडगाही उगारला. अनेक शिक्षकांची पंचाईत झाली. वर्षानुवर्षे जे शिकवले त्याला काय म्हणायचे?

व्यायामयंत्रे बनवणाऱ्या ‘करंट कन्सेप्ट्स’ या कंपनीने माघार घेतली नाही. पुढे ‘बॅलन्स्ड बॉडी’ नावाने ओळखली गेलेली कंपनी ती हीच. १९ ऑक्टोबर २००० रोजी न्यूयॉर्कमधील संघीय न्यायाधीश मिरियम सीडरबॉम यांनी निकाल दिला. ‘पिलाटेस’ हे योग किंवा कराटेप्रमाणे व्यायामपद्धतीचे सर्वसाधारण नाव झाले आहे, त्यावर एकाची मालकी असू शकत नाही.

या निकालाने दोन गोष्टी घडल्या. भीती संपली आणि पिलाटेस झपाट्याने पसरले. पण नावाच्या दारावरचा पहारेकरीही गेला. नीट तालीम घेतलेला शिक्षक आणि शनिवार-रविवारची कार्यशाळा करून आलेला शिक्षक, दोघांच्या पाटीवर शब्द एकच! रोमाना यांच्या परंपरेत शिक्षक व्हायला ६०० तासांहून अधिक उमेदवारी करावी लागते. सर्व यंत्रांच्या संपूर्ण अभ्यासक्रमासाठी आज साधारण ४५० तास हे प्रमाण मानले जाते. पण ते पाळलेच पाहिजे असे कायदा सांगत नाही.

निकाल अमेरिकेचा असला तरी आपली स्थिती वेगळी नाही. डॉक्टर किंवा वकिलांसारखी सक्तीची नोंदणी भारतात व्यायाम-प्रशिक्षकांना नाही. त्यामुळे पारखून घेण्याची जबाबदारी ग्राहकावरच येते.

पाठदुखीवर खरेच उपयोग होतो का?

पिलाटेस लावणाऱ्यांपैकी अनेकांचे कारण पाठदुखीच असते. २०१५ मध्ये ‘कॉक्रेन’ने कंबरदुखीवरील १० चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात ५१० जणांचा समावेश होता. काहीच न करण्यापेक्षा किंवा जुजबी उपचारांपेक्षा पिलाटेसने वेदना कमी होतात, असे त्यात दिसले. पुरावा मात्र कमी ते मध्यम दर्जाचा होता. इतर व्यायामांपेक्षा पिलाटेस सरस असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही.

म्हणजे हा व्यायाम उपयोगी आहे, जादू नाही. नियमित चालणे किंवा योगासने जमत असतील, तर केवळ ट्रेंड आहे म्हणून महागडी फी भरण्याची गरज नाही.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

• कोणाकडे आणि किती तास शिकलात? फक्त मॅटचा अभ्यासक्रम केला आहे की यंत्रांचाही, हे वेगळे विचारा. प्रमाणपत्र पाहायला मागण्यात संकोच नको.

• एका वर्गात किती जण? शिक्षकाची नजर प्रत्येकावर पोहोचत नसेल, तर यंत्र कितीही भारी असून उपयोग नाही.

• माझ्या दुखण्याबद्दल आधी विचारणार का? हाडे ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून पुढे वाकण्याचे व्यायाम टाळावे लागतात. गरोदरपण, स्लिप डिस्क, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. पहिल्या दिवशी यातले काहीही न विचारता जो थेट स्प्रिंगा लावतो, तिथून परत फिरलेले बरे.

• यंत्राशिवाय सुरुवात करता येईल का? येते. ‘हंड्रेड’ हा पहिलाच व्यायाम घ्या. उताणे झोपून डोके आणि पाय उचलायचे, हात शरीराशेजारी वर-खाली हलवायचे. पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असे दहा वेळा. झाले शंभर. मान दुखू लागली तर डोके खाली ठेवायचे आणि गुडघे वाकवायचे. एवढी साधी सूट शिक्षक स्वतःहून देतो का, हे पहिल्याच वर्गात पाहा.

रोमाना यांचे २०१३ मध्ये नव्वदाव्या वर्षी निधन झाले. त्यांची मुलगी आणि नात यांनीही हीच वाट धरली. जगभरातील अनेक शिक्षक आज आपली परंपरा सांगताना जोसेफ, मग रोमाना आणि मग आपले गुरू अशी नावे क्रमाने घेतात. तुमच्या शिक्षकालाही त्याची साखळी विचारून पाहा. ज्याने खरेच तालीम घेतली आहे, त्याला हा प्रश्न आवडतो.