झेंडा, ड्रायव्हर आणि पार: गोल्फच्या होलविषयीचे काही पक्के गैरसमज

१९९९ची ब्रिटिश ओपन स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीच्या मैदानावर झाली. शेवटच्या दिवशी अठराव्या होलच्या टीवर फ्रान्सचा ज्याँ व्हान द वेल्द उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे तीन फटक्यांची आघाडी होती. पार चारच्या त्या होलवर सहा फटके लागले असते तरी स्पर्धा त्याचीच होती. लागले सात. मग प्ले-ऑफ झाला आणि स्कॉटलंडचा पॉल लॉरी जिंकला. गोल्फ खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही हकीकत ठाऊक असते, आणि तिचं तात्पर्य म्हणून बहुतेक जण एकच सांगतात: त्यानं टीवर ड्रायव्हर काढायलाच नको होता.

मला हे पटत नाही. त्याचा ड्रायव्हरचा फटका उजवीकडे भरकटला हे खरं, पण तो बॅरी बर्न या ओढ्यात पडला नाही. चेंडू कोरड्या जागी, सहज खेळता येईल असा होता. घात झाला तो दुसऱ्या फटक्यात. तिथून वेजनं चेंडू ओढ्याच्या अलीकडे ठेवायचा, तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर यायचं, आणि पुढे तीन पट लागले तरी सहा भरत होते. त्याऐवजी त्यानं दोन नंबरचं आयर्न घेतलं आणि थेट ग्रीनचा वेध घेतला. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडला लागून उलटा आला, ओढ्याच्या दगडी काठावर आपटला आणि अलीकडच्या दाट गवतात रुतला. तिसरा फटका ओढ्यात, मग दंडाचा एक, पाचवा बंकरमध्ये. बंकरमधून बाहेर येऊन त्यानं पुढचा पट एका फटक्यात घातला, म्हणून निदान सातावर तरी सुटला.

डावपेचांबद्दलचा सगळा घोळ या एका उदाहरणात दिसतो. कुठला क्लब काढला यावरून आपण खेळाडूला धाडसी किंवा शहाणा ठरवतो. खरा प्रश्न वेगळा असतो: हा फटका माझ्या नेहमीच्या फरकानं डावीउजवीकडे गेला, तर चेंडू पडेल कुठे, आणि तिथून पुढे किती फटके लागतील?

‘नीट मारला तर चेंडू नेम धरला तिथंच जातो’

जात नाही, जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंचाही जात नाही. व्यावसायिक खेळाडूनं एकाच टीवरून ड्रायव्हरनं बरेच चेंडू मारले, तर ते सुमारे साठ-सत्तर यार्ड रुंदीच्या पट्ट्यात विखुरतात. बहुतेक फेअरवे याहून अरुंद असतात. म्हणजे टीवर उभं राहून फेअरवेच्या मधोमध नेम धरणं हा काही नियम होऊ शकत नाही. उजवीकडे मैदानाची हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या खुंट्या असतील आणि डावीकडे नुसतं रफ असेल, तर तो सगळा पट्टाच उचलून डावीकडे सरकवायला हवा. मग बरेचसे फटके रफमध्ये जातील, आणि ते जाऊ द्यावेत.

कारण चुकीच्या सगळ्या जागा सारख्या महाग नसतात. पांढऱ्या खुंट्यांपलीकडे गेलेला चेंडू म्हणजे एक दंडाचा फटका आणि शिवाय मागे जाऊन पुन्हा मारणं, म्हणजे जवळजवळ दोन फटक्यांचं नुकसान. हरवलेल्या चेंडूचंही तेच, आणि २०१९पासून तो शोधायला फक्त तीन मिनिटं मिळतात, पूर्वी पाच मिळायची. पाण्याचा दंड एक फटका, पण तिथं सहसा पुढेच कुठेतरी ड्रॉप घेता येतो. झाडी त्याच्या खालोखाल. बंकर आणि रफ त्या मानानं स्वस्त. ही उतरंड डोक्यात पक्की असणारा मध्यम खेळाडू तिची फिकीर न करणाऱ्या लांब मारणाऱ्याला अनेकदा हरवतो.

‘झेंडा दिसतोय, तिकडेच मारायचं’

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच असावा, म्हणून इथं जरा थांबतो.

अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलचं बारावं होल पाहा. पार तीन, लांबी फक्त १५५ यार्ड. ग्रीन रुंद पण खोलीला कमी, समोर रेज क्रीक हा ओढा. ग्रीन तिरपं आहे: त्याची उजवी बाजू टीपासून डाव्या बाजूपेक्षा लांब पडते. आता उजव्या हातानं खेळणाऱ्याची चूक बहुतेक वेळा कशी होते? उजवीकडे गेलेला फटका आखूड पडतो, डावीकडे ओढला गेलेला लांब जातो. म्हणजे ग्रीनचा तिरपेपणा आणि फटक्यांच्या विखुरण्याचा तिरपेपणा एकमेकांच्या बरोबर उलटे. तिथं होणाऱ्या मास्टर्स स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी झेंडा प्रथेप्रमाणे उजव्या बाजूला असतो. त्याचा नेम धरून जरा जरी उजवीकडे गेलं की चेंडू पाण्यात. डावखुऱ्यांना हे होल त्या मानानं सोपं जातं, ते याच कारणानं.

२०१६ साली जॉर्डन स्पीथ पहिल्या नऊ होल्सनंतर पाच फटक्यांनी पुढे होता. बाराव्यावर त्यानं दोनदा चेंडू पाण्यात घातला, सात फटके घेतले, आणि मास्टर्स गेली. २०१९मध्ये आघाडीवरचा फ्रांचेस्को मोलिनारी, ब्रूक्स केप्का, इयन पोल्टर, टोनी फिनाउ या सगळ्यांचे चेंडू तिथं बुडाले. टायगर वूड्सनं झेंडा सोडून बंकरच्या डोक्यावरून ग्रीनच्या डाव्या-मधल्या भागावर चेंडू ठेवला, दोन पटांत पार केला, आणि शेवटी एका फटक्यानं स्पर्धा जिंकली. त्या होलवर त्यानं विशेष काही केलं नाही असं पाहणाऱ्याला वाटू शकेल. मला मात्र त्या दिवसातला त्याचा सर्वांत चांगला निर्णय तोच वाटतो.

याला आकड्यांचाही आधार आहे. दीडशे यार्डांवरून, फेअरवेमधून मारलेला व्यावसायिकाचा चेंडूसुद्धा सरासरी वीस-पंचवीस फुटांवर थांबतो. आठ फुटांवरचे त्यांचे पट जेमतेम निम्मे पडतात. ३३ फुटांवरून त्यांना सरासरी दोन पट लागतात. मग झेंड्याच्या मागे लागून मिळणारा फायदा किती, आणि ग्रीनच्या मधोमध चेंडू ठेवल्यानं टळणारं नुकसान किती? क्लबमध्ये खेळणाऱ्यानं तर झेंडा डावीकडे आहे की उजवीकडे हे बहुतेक होल्सवर विसरावं. तो पुढे आहे की मागे एवढंच पाहावं आणि क्लब निवडावा. तोही एक पायरी जास्त अंतराचा, कारण हौशी खेळाडूंचे बहुतेक फटके आखूडच पडतात.

‘ड्रायव्हर दिखाव्याचा, पैसा पटिंगचा’

गोल्फमध्ये हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं जातं की ते तपासायचं कुणाला सुचत नाही. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी ते तपासलं. पीजीए टूरवर प्रत्येक फटक्याची नोंद होते. त्या प्रचंड नोंदींवरून त्यांनी कुठल्या अंतरावरून आणि कशा जागेवरून होल पुरं करायला सरासरी किती फटके लागतात याचा हिशेब मांडला. त्या पद्धतीवर आधारलेली पटिंगची आकडेवारी टूरनं २०११मध्ये स्वीकारली. निष्कर्ष स्पष्ट होता: चांगल्या आणि साधारण खेळाडूमधला जवळजवळ दोन तृतीयांश फरक टीवरच्या आणि ग्रीनकडे मारलेल्या लांब फटक्यांत पडतो. पटिंगचा वाटा बराच लहान आहे.

पण यावरून ‘मग प्रत्येक टीवर ड्रायव्हर’ असं ठरवणं हाही गैरसमजच. ब्रॉडींच्या तक्त्यातले काही आकडे पाहू. व्यावसायिकाला फेअरवेमधून १०० यार्डांवरून सरासरी २.८० फटके लागतात, १४० यार्डांवरून २.९१. चाळीस यार्ड पुढे जाण्याचा फायदा एवढाच. तेच १०० यार्ड रफमधून ३.०२, आणि झाडांमागे अडकून ३.८०. म्हणजे रफ थोडं महाग आणि झाडी पूर्ण एका फटक्यानं महाग. निर्णय यावरून घ्यायचा. ड्रायव्हरच्या पट्ट्यात रफ आणि एखादा बंकर एवढंच येत असेल, तर ड्रायव्हर घ्यावा आणि बिनधास्त मारावा. घाबरून काढलेलं तीन नंबरचं वूड हौशी खेळाडूच्या हातात फारसं सरळ जातही नाही आणि अंतर तेवढं कमी होतं. पट्ट्यात दाट झाडी किंवा पांढऱ्या खुंट्या येत असतील, तर क्लब बदलावा.

दिल्ली गोल्फ क्लब याचं चांगलं उदाहरण आहे. जुन्या घुमट-मकबऱ्यांमधून जाणारे तिथले फेअरवे अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं. त्या झुडपात गेलेला चेंडू मिळाला तरी खेळता येईलच असं नाही. म्हणून तिथं मोठमोठे व्यावसायिक टीवर आयर्न काढतात, आणि त्याला भित्रेपणा कुणी म्हणत नाही.

‘दोन फटक्यांत पोचत नसेल तर आपल्या आवडत्या अंतरावर थांबावं’

पार पाचच्या होलवर हा सल्ला हमखास मिळतो: शंभर यार्ड ठेव, पूर्ण वेज मार. पण १०० यार्डांवरून २.८० लागतात, ६० यार्डांवरून २.७०, ४०वरून २.६०. जवळ गेलेलं जवळजवळ नेहमीच फायद्याचं. अपवाद एकच, तो म्हणजे जवळ जाण्याच्या वाटेवर पाणी किंवा तसंच काही असणं.

झॅक जॉन्सनची २००७ची मास्टर्स इथं आठवायला हवी, कारण लोक ती उलट बाजूनं सांगतात. त्यानं ऑगस्टाच्या पार पाचच्या होल्सवर चारही दिवसांत एकदाही दोन फटक्यांत ग्रीन गाठायचा प्रयत्न केला नाही, आणि तरी त्या सोळा होल्सवर मिळून पारपेक्षा ११ फटके कमी घेतले. पण तेराव्या आणि पंधराव्या होलवर ग्रीनच्या पुढ्यात पाणी आहे, त्या आठवड्यात थंडी-वारा भयंकर होता, तो लांब मारणारा नव्हता आणि त्याचं वेज अप्रतिम होतं. यातली एकही गोष्ट नसलेल्या मैदानावर त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही.

‘पार म्हणजे आपलं लक्ष्य’

पार हे अतिशय कुशल खेळाडूसाठी ठरवलेलं माप आहे. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरचं सतरावं होल, रोड होल, ४९५ यार्डांचं आणि पार चारचं. उजवीकडे हॉटेलच्या बाजूला हद्दीबाहेरची जागा, ग्रीनच्या डाव्या कुशीत खोल रोड बंकर, मागे डांबरी रस्ता आणि भिंत. १९७८च्या ओपनमध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत त्या ग्रीनवर होता. त्याचा पट घरंगळत बंकरमध्ये गेला, बाहेर यायला चार फटके लागले, होलवर नऊ. १९८४मध्ये टॉम वॉटसन सहाव्या ओपनच्या दारात असताना त्याचा दोन नंबरच्या आयर्नचा फटका ग्रीन ओलांडून रस्त्यावर गेला. बोगी झाली आणि स्पर्धा सेवे बॅलेस्टरोसला गेली. एवढ्या मोठ्या खेळाडूंची इथं ही गत, तर हँडिकॅप १८च्या माणसानं इथं चाराचा हट्ट धरण्यात शहाणपण नाही. त्यानं ग्रीनच्या अलीकडे, उजव्या अंगाला थांबावं आणि पाच घेऊन पुढे जावं. त्याला प्रत्येक होलवर एक फटका सवलत मिळतेच, म्हणजे त्याच्यासाठी तो पारच आहे. आणि २०००च्या ओपनमध्ये याच मैदानावर टायगर वूड्सनं चार दिवसांत एकाही बंकरमध्ये चेंडू घातला नव्हता, हेही लक्षात ठेवण्याजोगं आहे. तिथं ११२ बंकर आहेत. तो आठ फटक्यांनी जिंकला.

स्कोअरकार्डावरच्या स्ट्रोक इंडेक्सबद्दलही असाच समज असतो, की इंडेक्स १ म्हणजे सर्वांत अवघड होल. तसं असेलच असं नाही. सवलतीचे फटके दोन्ही नवांत सारखे विभागले जावेत म्हणून बहुतेक क्लब एका नवाला विषम आणि दुसऱ्याला सम आकडे देतात. इंडेक्स ३चं होल २पेक्षा सोपं किंवा अवघड, काहीही असू शकतं.

‘पावसाळ्यात हवा जड होते, म्हणून चेंडू जात नाही’

मुंबई-पुण्याच्या मैदानांवर जुलैत हे वाक्य हमखास कानावर पडतं. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, कारण पाण्याच्या वाफेचे रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलके असतात. अंतर कमी होतं ते ओल्या फेअरवेवर चेंडू पडतो तिथंच थबकतो म्हणून. याचा डावपेचांवर थेट परिणाम होतो. टीवरून मारताना आडवे येणारे बंकर एरवी टप्पा खाऊन गाठले जात असतील, तर पावसाळ्यात ते आवाक्याबाहेर राहतात आणि ड्रायव्हर निर्धास्त मारता येतो. ग्रीनकडे मारताना मात्र चेंडू पुढे घरंगळेल हा भरवसा सोडून पूर्ण अंतराचा क्लब घ्यावा. त्यातच समोरून वारा असेल तर आणखी एक, कारण समोरचा वारा जेवढं अंतर खातो तेवढं पाठीमागचा वारा देत नाही.