शिडी सरकते तेव्हा

भिंतीला टेकवलेल्या शिडीचं वरचं टोक हळूहळू खाली आणा. पाय काय करतील? भिंतीपासून दूर सरकतील. शिडी केसभरही वाढलेली नाही, तरी तिनं जमिनीवर जास्त जागा अडवली! अशीच एक शिडी मोटारीच्या पोटाखाली असते.

फोर्डच्या 2005 ते 2014 च्या मस्टँगची मागची दोन्ही चाकं एकाच भरभक्कम अॅक्सलवर बसवलेली. स्प्रिंगांवर तो वर-खाली होतो. पण वळणावर डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा लावलेला असतो: पॅनहार्ड रॉड. एक टोक बॉडीला, दुसरं अॅक्सलला. एवढ्याशा दांड्यानं अख्ख्या गाडीची मागची बाजू ताळ्यावर राहते!

कारखान्यातून येणाऱ्या दांड्याची लांबी पक्की असते, मूळ उंचीला बेतलेली. मग एखादा हौशी मालक आखूड स्प्रिंगा घालून गाडी बसकी करतो, आणि शिडी सरकते.

किती? समजा, दांडा 1 मीटर लांब आहे आणि बॉडीकडचं टोक अॅक्सलकडच्या टोकापेक्षा 10 सेंटिमीटर उंच आहे. गाडी 5 सेंटिमीटर खाली आणली, तर पायथागोरसच्या हिशेबानं अॅक्सल पावणेचार मिलिमीटर बाजूला जातो. एक चाक तेवढं बाहेर डोकावतं, दुसरं तेवढंच आत दडतं. दोन बाजूंत साडेसात मिलिमीटरचा फरक! आणखी 5 सेंटिमीटर उतरवून दांडा पूर्ण आडवा केला तर? सरकणं फक्त सव्वा मिलिमीटर. उतरणं तेवढंच, सरकणं एक तृतीयांश! म्हणून तर हा दांडा होता होईल तो आडवा ठेवतात.

आता लांबी बदलता येणारा दांडा पाहा. त्याच्या एका टोकाला सरळ आटे, दुसऱ्याला उलटे. मधली नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदमच आत येतात किंवा बाहेर जातात. आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर असेल, तर एका फेऱ्यात लांबी 3 मिलिमीटरनं बदलते. म्हणजे आपला पावणेचार मिलिमीटरचा घोळ मिटवायला सव्वा फेरा पुरे! फक्त गाडीचं वजन चाकांवर असतानाच हे करायचं. जॅकवर लटकलेला अॅक्सल भलतंच माप दाखवतो.

मग सगळ्यांनीच असा दांडा घ्यावा? मुळीच नाही. उंची मूळचीच असेल, तर पक्क्या लांबीचाच उत्तम. त्यात नळी जागी धरणारं, पण सैल पडू शकणारं लॉक नट नाही, आणि टोकांचे रबरी बुश रस्त्याची घरघर गिळतात. काही अॅडजस्टेबल दांड्यांना रबराऐवजी धातूचे गोलाकार सांधे असतात. शर्यतीत ते नेमके, पण रोजच्या प्रवासात तीच घरघर थेट सीटपर्यंत पोचवतात. गाडी बसकी करून रोज चालवायची असेल, तर लांबी बदलणारा पण रबरी बुशांचा दांडा शोधा.

तरीही एक गोष्ट उरतेच. सव्वा फेरा उभ्या गाडीचा अॅक्सल मध्यावर आणतो. खड्ड्यात तो पुन्हा कमानीतच झुलणार. ती कमान पुसता येईल? जेम्स वॅटनं 1784 मध्ये वाफेच्या इंजिनासाठी तेच साधलं होतं: दोन दांडे समोरासमोर, मध्ये त्यांना जोडणारी छोटी तरफ. एक डावीकडे ओढतो तेव्हा दुसरा उजवीकडे, आणि तरफेचा मध्य जवळजवळ सरळ रेषेत चालतो! स्वतःच्या सगळ्या शोधांत वॅटला याचाच अभिमान सर्वांत जास्त होता. 2022 मध्ये आलेल्या महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनच्या मागच्या अॅक्सलवर तीच जोडणी आहे. पार्किंगमध्ये एखादी दिसली, तर वाकून तिच्या मागच्या चाकांच्या मध्ये जरूर बघा.